निरसनाची पूर्वअट : 'विवेकसिंधू'तील नकार आणि त्याचे आकलन

१

मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधू'विषयी मराठी वाङ्मयेतिहासात जे लेखन झाले, त्याचा मोठा भाग तीन प्रश्नांनी व्यापलेला आहे. कालनिर्देशक ओवीतील शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, हे वर्ष विश्वसनीय मानावे काय. कवीचे स्थान बीड जिल्ह्यातील आंबेजोगाई की वैनगंगेकाठचे आंभोरे. आणि मुकुंदराजांना मराठीचे आद्यकवी म्हणावे काय. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. परंतु त्यांच्या ऊहापोहात ग्रंथाची मांडणी कोणत्या भाषिक व्यापारावर उभी आहे, हा प्रश्न मागे पडला. 'विवेकसिंधू'ची गणना आद्य ग्रंथात झाली, वाचनीय ग्रंथात क्वचितच झाली. 'ज्ञानेश्वरी'शी तुलना करताना त्याला रूक्ष ठरवण्याचा जो प्रघात पडला, त्याचेही कारण येथेच आहे.

ज्या व्यापारावर हा ग्रंथ उभा आहे, त्याला परंपरेचाच शब्द आहे : निरसन. आत्मा देह नव्हे, इंद्रिये नव्हे, मन नव्हे, असे सांगत जाणे, ही अद्वैत वेदान्ताची नेति-नेति पद्धती. तेव्हा या ग्रंथाच्या श्रोत्यापुढे येणारे कळीचे वाक्य निषेधवाक्य आहे. 'अमुक म्हणजे तमुक नव्हे' हे वाक्य ऐकताना मनात काय घडते, याचा विचार केल्यावाचून या ग्रंथाच्या रचनेविषयी नीट बोलता येत नाही. गेल्या सहा-साडेसहा दशकांत मानसशास्त्राने आणि मेंदूविज्ञानाने याच प्रश्नाचा प्रायोगिक शोध घेतला आहे. त्या शोधाचा इतिहास, निषेधाविषयीचा भारतीय शास्त्रविचार आणि मराठीतील नकाराच्या रूपांचा इतिहास हे तिन्ही एकत्र ठेवून पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. निषेधाला आधी प्रसक्ती लागते, म्हणजे जे नाकारायचे ते आधी श्रोत्याच्या मनात उभे असावे लागते. 'विवेकसिंधू'चा गुरुशिष्यसंवाद ही प्रसक्ती निर्माण करणारी रचना आहे. तो केवळ सांकेतिक चौकट म्हणून आलेला नाही.

२

निषेध ही आश्रित गोष्ट आहे, हे भारतीय शास्त्रांनी फार पूर्वी ओळखले होते. न्यायदर्शनात अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला गेला, पण त्याचे ज्ञान प्रतियोगीच्या ज्ञानावाचून होत नाही असेही सांगितले गेले. भूतलावर घट नाही हे कळण्यासाठी घट काय ते ठाऊक असावे लागते. रिकामी जमीन सर्वांना दिसते. 'घट नाही' हे ज्ञान मात्र घटाच्या शोधात आलेल्यालाच होते. नव्यन्यायातील या विचाराची आधुनिक तर्कशास्त्राच्या परिभाषेत चिकित्सा बिमल कृष्ण मतिलाल यांनी १९६८च्या ग्रंथात केली आहे.

मीमांसकांनी हाच मुद्दा विधिनिषेधांच्या संदर्भात मांडला. जे प्राप्त असते, ज्याची प्रसक्ती असते, त्याचाच प्रतिषेध संभवतो. ज्याकडे कोणाची प्रवृत्तीच नाही, ते करू नये असे सांगण्यात अर्थ नसतो. वैयाकरण आणि मीमांसक यांनी नञर्थाचे पर्युदास आणि प्रसज्यप्रतिषेध असे दोन प्रकार केले. पहिल्यात निषेध नामाशी निगडित होऊन 'त्याहून अन्य, पण तत्सदृश' असे काही सुचवतो; दुसऱ्यात तो क्रियेशी निगडित होऊन निखळ नकार देतो. परंपरेने नञाचे सहा अर्थही सांगितले : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. यांतील अल्पतेचे शास्त्रप्रसिद्ध उदाहरण 'अनुदरा कन्या' हे आहे. या कन्येला उदर नाही असे कोणी समजत नाही. तिची कटी बारीक आहे, इतकेच समजते.

वेदान्ताने या सूत्राला अध्यापनपद्धतीचे रूप दिले. तिचे नाव अध्यारोप-अपवाद. प्रथम ब्रह्मावर जगाचा, आत्म्यावर देहादिकांचा आरोप सविस्तर मांडायचा, मग तो क्रमाने मागे घ्यायचा. जे अखेरीस नाकारायचे ते आधी इतक्या विस्ताराने का मांडावे, हा प्रश्न आधुनिक वाचकाला पडतो. 'विवेकसिंधू'तील सृष्टिक्रमाचे आणि पंचीकरणाचे विवेचन त्याला पाल्हाळ वाटते ते यामुळेच.

३

विसाव्या शतकातील प्रायोगिक संशोधनाने या प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने पाहिले. पीटर वेसन यांच्या १९५९ आणि १९६१च्या प्रयोगांत असे दिसले की, होकारार्थी वाक्यापेक्षा नकारार्थी वाक्य समजून त्याची सत्यासत्यता ठरवण्यास अधिक वेळ लागतो आणि चुकाही अधिक होतात. १९७२मध्ये हर्बर्ट क्लार्क आणि विल्यम चेस यांनी चित्राशी वाक्य ताडून पाहण्याच्या प्रयोगांतून या विलंबाची उपपत्ती मांडली. 'तारा फुलीच्या वर नाही' या वाक्याचे मनातील रूप त्यांच्या मते दुपदरी असते : आत 'तारा फुलीच्या वर आहे' हे विधान, आणि त्याला वेढणारा नकार. नैयायिकाने याला प्रतियोगीचे ज्ञान म्हटले असते.

पण वेसन यांनी १९६५मध्येच आपल्या निष्कर्षाला मर्यादा घातली होती. आठ वर्तुळांपैकी सात एका रंगाची आणि एक निराळ्या रंगाचे असेल, तर त्या निराळ्या वर्तुळाविषयी 'हे तांबडे नाही' असे म्हणणे सोपे जाते. सातांतील एखाद्याविषयी 'हे निळे नाही' असे म्हणणे अवघड जाते. पहिल्या ठिकाणी अपेक्षा होती आणि ती मोडली. दुसऱ्या ठिकाणी अपेक्षाच नव्हती. मीमांसकाची प्रसक्ती ती हीच. नकार स्वभावतः अवघड नसतो, अनाहूत नकार अवघड असतो, असा याचा अर्थ होतो.

पुढे मेंदूतील विद्युत्-लहरींचे मोजमाप या अभ्यासात आले. अर्थाच्या दृष्टीने अनपेक्षित शब्द समोर आला की, सुमारे ४०० मिलिसेकंदांनंतर एका ऋण लहरीची तीव्रता वाढते, हे मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८०मध्ये दाखवले होते. इरा फिशलर आणि सहकाऱ्यांनी १९८३मध्ये त्याचा उपयोग नकाराच्या अभ्यासासाठी केला. 'रॉबिन हे झाड आहे' हे असत्य वाक्य आणि 'रॉबिन हे झाड नाही' हे सत्य वाक्य, या दोन्हींच्या इंग्रजी रूपांत 'झाड' या शब्दाशी लहर सारखीच वाढली. नकार येऊन गेलेला असूनही मेंदूने जणू तो ऐकलाच नव्हता. रॉबिन आणि झाड यांचा मेळ बसत नाही एवढेच त्याने टिपले. बार्बरा काउप आणि सहकाऱ्यांच्या २००७मधील प्रयोगात 'गरुड आकाशात नव्हता' अशा धर्तीचे वाक्य वाचल्यावर अवघ्या २५० मिलिसेकंदांनी चित्र दाखवले, तेव्हा पंख पसरलेल्या गरुडाचे चित्र अधिक लवकर ओळखले गेले. नाकारलेली गोष्ट मनात क्षणभर उभी राहते, आणि मगच वस्तुस्थिती तिची जागा घेते, अशी द्विपद उपपत्ती यातून पुढे आली. अध्यारोप आणि अपवाद यांचा क्रम येथे क्षणार्धात आटोपतो.

ही उपपत्तीही निर्विवाद राहिली नाही. मेरीएलन मॅक्डोनल्ड आणि मार्सेल जस्ट यांनी १९८९मध्येच दाखवले होते की, वाक्यात नाकारलेल्या वस्तूचे नाव वाचकाला नंतर ओळखण्यास अधिक वेळ लागतो. म्हणजे नकार त्या वस्तूला मनात मागे ढकलतो. मांते न्यूलांट आणि जीना कूपरबर्ग यांनी २००८मध्ये सिद्ध केले की, ज्या संदर्भात नकार स्वाभाविक ठरतो, तेथे तो तत्क्षणी आकलनात सामील होतो. कोणी जे म्हणालेच नसते ते नाकारले, तरच तो मागे रेंगाळतो. फिशलर यांच्या वाक्यांतील रॉबिनला झाड कोण म्हणाले होते? अरियाना झुआनाझ्झी आणि सहकाऱ्यांच्या २०२४मधील संशोधनातून आणखी एक गोष्ट कळली : नकार विशेषणाचा अर्थ उलटा करत नाही, सौम्य करतो. 'गरम नाही' हे ऐकणारे मन प्रथम 'गरम'च्या दिशेने जाते, मग तेथून सरकते, पण 'थंड'पर्यंत पोचत नाही. नञाच्या सहा अर्थांत अल्पतेला जागा देणाऱ्या परंपरेला यात नवल वाटले नसते.

मुकुंदराजांना किंवा मीमांसकांना मेंदूविज्ञान ठाऊक होते, असा याचा अर्थ काढणे हास्यास्पद होईल. आणि या प्रयोगांनी अद्वैत सिद्ध होते असे म्हणणे त्याहून हास्यास्पद. दोन्हींच्या अभ्यासाचा विषय मात्र एक आहे. तो म्हणजे श्रोता.

४

वरील प्रयोग मराठीच्या अभ्यासात जसेच्या तसे आणता येत नाहीत. इंग्रजी वाक्यात नकार नाकारलेल्या शब्दाच्या आधी येतो. आजच्या मराठीतील सामान्य विधानवाक्यात तो अखेरीस येतो : 'तो येत नाही', 'रॉबिन हे झाड नाही'. मराठी श्रोता 'झाड' ऐकतो तेव्हा नकार अजून आलेलाच नसतो. त्याला आधी पूर्ण संबंध ऐकावा लागतो, आणि मग शेवटच्या शब्दाने तो मोडावा लागतो. इंग्रजीत जी द्विपदता मनाच्या व्यापारात शोधावी लागते, ती मराठीत शब्दक्रमातच उघड आहे.

जुन्या मराठीची प्रकृती यापेक्षा वेगळी होती. वाक्यान्ती 'नाहीं' तेव्हाही येत असे. परंतु नकार क्रियापदापूर्वी येऊन त्याच्याशी संधी पावल्याची रूपे त्या भाषेत विपुल आहेत. नेणे, नेघे, नुरे, नुमजे, नुपजे, नातळे, नाठवे, नसे, नोहे. 'नुरे' म्हणजे न उरे. 'नातळे' म्हणजे न आतळे, स्पर्श करत नाही. या रूपांत क्रियेचा अर्थ उलगडण्याआधीच तिचा नकार कानी पडतो. किंबहुना क्रिया आणि नकार एका शब्दात एकदमच भेटतात. 'उरत नाही' असे म्हणताना प्रथम काहीतरी उरते आणि मग ते पुसले जाते. 'नुरे' म्हणताना पुसण्यासारखे काही मागे राहत नाही.

हा बदल कसा घडला, याचे एकच कारण देता येणार नाही. मराठीशी शतकानुशतके शेजार असलेल्या कन्नडमध्ये 'इल्ल' हा नकार क्रियापदानंतर येतो, हे संपर्काच्या दिशेने बोट दाखवते. परंतु बंगालीतही 'ना' क्रियापदामागून येतो, आणि उलट हिंदीत 'नहीं' पुढेच राहिला. तेव्हा केवळ द्राविड शेजाराने सर्व उलगडा होत नाही. शिवाय बदल संपूर्ण नाही. 'न सांगता', 'न आलेला', 'नकळत' यांत जुना क्रम टिकून आहे. 'पाऊस न आल्यास' आणि 'पाऊस आला नाही तर' ही दोन्ही रूपे आजही नांदतात; पहिले सरकारी पत्रकात, दुसरे बांधावरच्या बोलण्यात. 'उघडेना', 'सुचेना' यांत नकार शेवटी गेला तरी क्रियापदाला चिकटूनच राहिला.

उशिरा येणाऱ्या नकाराची भरपाईही मराठीने केली आहे. 'मुळीच', 'अजिबात', 'कदापि' हे शब्द आले की मराठी श्रोता नकाराच्या तयारीला लागतो. 'फारसा' आणि 'तितकासा' हे तर पुढचा नकार सौम्य असेल, हेही आधी सांगून ठेवतात. 'तो तितकासा' एवढे ऐकले की उरलेले वाक्य ऐकण्याची गरज क्वचितच पडते. भाषेने क्रम बदलला, पण श्रोत्याला बेसावध गाठले नाही.

'विवेकसिंधू'च्या संदर्भात येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ग्रंथाची उपलब्ध भाषा लेखकूंच्या पिढ्यांतून बदलत आली आहे, आणि तिच्या अर्वाचीन वाटणाऱ्या रूपामुळेच त्याच्या काळाविषयी शंका घेतली गेली. त्यामुळे एखाद्या ओवीत नकार कोठे आला आहे, यावरून काळाचा निर्णय करणे धोक्याचे आहे. मात्र ओवीच्या चरणान्ती यमक असते, आणि तेथे बहुधा क्रियापद येते. यमकात अडकलेले नकारयुक्त क्रियापद बदलणे लेखकूला ओळीच्या मध्यातील शब्द बदलण्याइतके सोपे नसते. जुन्या नकाराचे अवशेष शोधायचे तर प्रथम तेथे शोधावेत.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. 'आत्मा देह नव्हे' हे वाक्य संदर्भावाचून ऐकवले, तर ते रॉबिन आणि झाडाच्या वाक्यासारखे कोरडे राहील. 'विवेकसिंधू' ते तसे ऐकवत नाही. त्यात शिष्य आहे, आणि शिष्याजवळ देहाला 'मी' म्हणण्याचा आयुष्यभराचा अनुभव आहे. मी स्थूल, मी भुकेला, मी थकलेला, असे म्हणणाऱ्यालाच 'तू देह नव्हेस' हे सांगण्यात अर्थ आहे. येथील प्रसक्ती कोणी कृत्रिमपणे निर्माण केलेली नाही. शंका विचारणारा शिष्य ती श्रोत्याच्या वतीने बोलून दाखवतो, इतकेच. वेसन यांचे आठवे वर्तुळ जसे सातांमुळे नकाराला पात्र झाले, तसा देहाचा नकार रोजच्या देहबुद्धीमुळे आकलनाला सोपा होतो.

निरसनाचा क्रमही याच न्यायाने चालतो. स्थूल देह नाकारला की सूक्ष्माचा दावा पुढे येतो. तो नाकारला की कारणदेहाचा. प्रत्येक नकार पुढच्या नकाराची प्रसक्ती तयार करतो. त्यामुळे वरवर एकसुरी वाटणारी ही मालिका पुनरुक्ती ठरत नाही. तिच्यातील एक पायरी गाळली, तर पुढचा नकार अनाहूत होतो. सृष्टिक्रमाचे ज्याला पाल्हाळ म्हटले गेले, ते विवेचन म्हणजे अपवादासाठी घातलेला अध्यारोपाचा पाया होय.

नकार अर्थ उलटा करत नाही, सौम्य करतो, या निष्कर्षाचाही येथे उपयोग होतो. 'हे नव्हे, ते नव्हे' एवढ्यानेच श्रोत्याचे मन आपोआप ब्रह्मापर्यंत जात नाही; फार तर ते देहापासून थोडे सरकते, किंवा शून्यापाशी थांबते. म्हणून वेदान्ताच्या अध्यापनात निरसनानंतर महावाक्य येते, आणि महावाक्य होकारार्थी असते. निषेधाने मोकळी केलेली जागा विधानानेच भरावी लागते. मुकुंदराजांच्या ग्रंथात या दोहोंचे परस्परावलंबन आहे, हे लक्षात घेतले की त्याची रूक्षता ही शैलीची उणीव राहत नाही, पद्धतीची शिस्त ठरते.

याच आंबेजोगाईत चार शतकांनी दासोपंत (१५५१-१६१५) झाले. त्यांची 'पासोडी' सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर लिहिलेली असून तिचा विषय पंचीकरण आहे. पंचीकरणात तत्त्वांची मोजदाद करायची ती त्यांच्यापासून द्रष्ट्याला वेगळे काढण्यासाठी. जे नाकारायचे आहे ते डोळ्यांपुढे सबंध पसरून ठेवले पाहिजे, ही गरज दासोपंतांनी कापडाच्या मापाने भागवली. संवादाने मुकुंदराजांसाठी जे केले, ते येथे पटाने केले. प्रसक्ती ऐकवण्याऐवजी दाखवली गेली.

या मार्गाला मराठीतच एक समर्थ प्रतिवाद आहे, तो ज्ञानदेवांच्या 'अमृतानुभवा'त. शब्दखंडनाच्या आणि अज्ञानखंडनाच्या प्रकरणांत ज्ञानदेवांचा आक्षेप निषेधाच्या मुळावरच आहे : जी अविद्या मुळात नाहीच, तिचा शब्दाने नाश कसा व्हावा? प्रसक्तीच मान्य नसेल, तर प्रतिषेध कशाचा? मुकुंदराज श्रोत्याची देहबुद्धी गृहीत धरून तेथून त्याला उचलतात. ज्ञानदेव ते गृहीतच नाकारतात. म्हणून 'अमृतानुभवा'चा श्रोता अधिक तयारीचा असावा लागतो, आणि 'विवेकसिंधू' कोणालाही हाती घेता येतो. दोन ग्रंथांतील हा भेद काव्यगुणाच्या उच्चनीचतेपेक्षा श्रोत्याविषयीच्या भूमिकेतून अधिक चांगला स्पष्ट होतो.

यातून संपादन आणि अध्यापन या दोहोंपुढे काही प्रश्न उभे राहतात. वेचे काढताना शिष्याच्या शंका आणि सृष्टिक्रमाचा भाग गाळला, तर उरते ती नकारांची यादी, आणि तिला विद्यार्थी रूक्ष म्हणतील तर दोष त्यांचा नसेल. गद्य रूपांतरात 'नुरे'चे 'उरत नाही' करावेच लागते. पण त्या वेळी आकलनाचा क्रम उलटतो, याची जाणीव टीपेत दिली पाहिजे. आणि मुकुंदराजांच्या काळाचा वाद पुन्हा हाती घ्यायचाच असेल, तर एक मर्यादित काम ताबडतोब करण्याजोगे आहे. उपलब्ध हस्तलिखितांतील यमकस्थानी आलेल्या नकारयुक्त क्रियापदांची सूची करावी, तीच ओवी वेगवेगळ्या प्रतींत कशी बदलते ते नोंदवावे, आणि ही रूपे लीळाचरित्रातील व ज्ञानेश्वरीतील रूपांशी ताडून पाहावीत. एकट्या कालनिर्देशक ओवीवर भार टाकण्यापेक्षा हा पुरावा अधिक विस्तृत होईल, आणि तो गोळा करताना ग्रंथ निदान पुरता वाचला जाईल.